साथ, श्रद्धा आणि सक्ती

इंदुराहून उज्जैनच्या रस्त्याला लागले म्हणजे प्रथम मरीमातेचा चौक येतो. पुढे बाणगंगा, मग सांवेर मार्गावरील कारखाने, त्यांत औषधे तयार करणारे कारखानेही पुष्कळ. आणि तीसेक किलोमीटरवर आमचे सांवेर. सांवेरचा मारुती उलटा आहे, मस्तक खाली असलेला. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात नेले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी मारुतीने पाताळात उडी घेतली, त्या उडीचे हे रूप, असे सांगतात. साथीची देवी, औषधांचे कारखाने आणि संकटमोचन ही तिन्ही स्थाने एकाच रस्त्यावर नांदतात, आणि त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यांत काही विसंगत वाटत नाही. आजारी माणसाच्या घरचे लोक तिन्हीकडे जाऊन येतात. तंटा सुरू होतो तो शासन नावाचा चौथा पाहुणा दारी आला म्हणजे.

कोविडची साथ येऊन गेल्याला आता काही वर्षे लोटली. त्या दिवसांविषयी बोलणे घरोघरी टाळले जाते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा साथरोग कायदा अपुरा असल्याचे नमूद करून, त्यात योग्य ती दुरुस्ती करावी किंवा नवा सर्वंकष कायदा करावा, अशी शिफारस केली. म्हणजे पुढल्या साथीत आपल्या दारावर कोण, कोणत्या अधिकाराने थाप मारणार, याची चर्चा आता वकिलांपुरती राहिलेली नाही. लोक साथीत कसे वागतात, औषधाला का भुलतात, देवाकडे का धावतात आणि सरकारी माणसावर दगड का उचलतात, याचा थोडा शांतपणे विचार करण्यास हीच वेळ बरी. साथ दारात असताना तो विचार कोणी करीत नाही.

पुण्याचा अनुभव

या कायद्याची जन्मकथा मराठी माणसाला मुखोद्गत असावयास हवी. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला. ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. त्या दिवसांत एक अफवा जोरात होती: रुग्णालयात नेलेल्या माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगाची मोमियाई काढतात. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा कायदा झाला. तो इतका आटोपशीर होता की त्याची कलमे एका हाताच्या बोटांवर मोजता येत. सरकारला वाटेल ते नियम करण्याची मुभा, नियम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि नियम राबविणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण, एवढाच त्याचा आशय. ज्याच्या घराची झडती व्हावयाची त्याला काही हक्क आहे काय, याविषयी त्यात चकार शब्द नव्हता.

या अधिकारांच्या बळावर रँडसाहेबांनी पुण्यात लष्करी शिपाई घरोघरी घातले. देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, अंथरूण-पांघरूण जाळले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले आणि त्यानंतर टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा कशी झाली, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. सांगावयाचे आहे ते इतकेच की, प्लेगची बंदोबस्ती असू नये असे टिळकांचेही म्हणणे नव्हते. ते स्वतः पुण्यात राहिले, हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांचा हात होता. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. म्हणजे साथीला तोंड देण्यास समाज तयार होता. तक्रार होती ती वागणुकीची. खुद्द सरकारलाही हे उमगले असावे, कारण पुढल्या दोन-तीन वर्षांत सक्तीची झडती आणि सक्तीचे विलगीकरण हळूहळू सैल करण्यात आले.

माझी आजी सांवेरकडच्या प्लेगच्या गोष्टी सांगे. घरात उंदीर पडला की त्याच संध्याकाळी भांडीकुंडी, धान्याची पोती आणि देवांची पेटी घेऊन सारे कुटुंब माळावर झोपडीत राहावयास जाई. कोणी हुकूम काढला नव्हता. उंदरामागून माणूस पडतो एवढे ज्ञान लोकांनी दुःखातून मिळविले होते आणि त्याप्रमाणे ते वागत. सरकारी डॉक्टरांनाही गाव रिकामे करणे हाच उपाय पटला होता. ज्या नियमाचे कारण माणसाला डोळ्यांनी दिसते तो नियम पाळून घेण्यास शिपाई लागत नाही, हे आजीच्या गोष्टीत होते. तिने ते या शब्दांत सांगितले नसेल इतकेच.

संस्थानांतील दोन प्रयोग

ब्रिटिश मुलुखात दंडुका चालू असताना संस्थानांत काय होत होते? सर्वच संस्थाने शहाणी होती असे मुळीच नाही. परंतु दोन प्रसंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला बडोद्याचा. प्लेगची लस तयार करणारे डॉक्टर हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे फेब्रुवारी १८९८ मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्यातील उंढेरा या गावी त्यांनी तिची कसोटी पाहिली. गावातील कुटुंबे एकत्र बोलावून प्रत्येक कुटुंबातील जवळजवळ निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना दिली नाही. नंतर साथीने ज्या २८ घरांत शिरकाव केला त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली आणि ३ दगावली. लस न घेतलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ दगावली. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांतला हा फरक. यापेक्षा सोपा पुरावा कोणत्या सभेत देता येईल? आजच्या नीतिनियमांनी पाहिल्यास निम्म्यांना वगळण्याविषयी प्रश्न निघतील, आणि ते निघावेत. परंतु लोकांपुढे पुरावा मांडावा, तोही त्यांना स्वतः मोजता येईल अशा रीतीने मांडावा, ही दृष्टी त्यात होती.

याच लसीने १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष एका बाटलीपुरता होता. परंतु लसीवरचा विश्वास डळमळला आणि हाफकिन यांना अनेक वर्षे बदनामी सोसावी लागली. विश्वास कमावण्यास एक उंढेरा पुरत नाही आणि घालविण्यास एक मुल्कोवाल पुरते.

दुसरा प्रसंग आपल्या इंदूरचा. नगररचनेचे प्रसिद्ध स्कॉटिश पंडित पॅट्रिक गेडिस हे १९१७-१८ च्या सुमारास होळकर दरबारासाठी शहराची पाहणी करीत होते. गादीवर तुकोजीराव महाराज तिसरे होते. शहरात प्लेगचे भय होते आणि हा गोरा गृहस्थ नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडतो म्हणजे काही अनिष्ट ओढवणार, अशी लोकांना शंका होती. गेडिस यांच्या चरित्रकारांनी पुढली हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांनी दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था मागून घेतली आणि जाहीर केले की, यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. जो भाग घरे-अंगणे सर्वांत स्वच्छ करील त्या भागातून जाईल. मग काय विचारता! गाड्यांवर गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला. भिंतींना पांढरा हात फिरला, मोडकी छपरे नीट झाली. मिरवणुकीत लक्ष्मी होती, रावण होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि स्वच्छ कपडे घातलेले, हारतुरे ल्यालेले शहराचे सफाईवाले होते. घरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली. प्लेग ओसरला. आता, प्लेगचा हंगामही त्या सुमारास सरत आला होता, हे सांगितले पाहिजे. एका मिरवणुकीने प्लेग पळाला असे म्हणणे म्हणजे एका गंड्याने ताप उतरला म्हणण्यासारखेच होईल. परंतु घाण काढली गेली, उंदरांच्या जागा मोकळ्या झाल्या, आणि यासाठी एकाही घराचे दार मोडावे लागले नाही.

गेडिस यांनी श्रद्धेची चेष्टा केली नाही आणि तिच्यावर सारा भार टाकूनही ते मोकळे झाले नाहीत. लक्ष्मी स्वच्छ घरी येते हे आपल्या घरातील प्रत्येक बाईला ठाऊक होते. त्यांनी त्या समजुतीच्या हातात केरसुणी दिली. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, त्यात दंडाचा वाटा किती आणि अभिमानाचा किती, हे इंदूरकरांनी आपल्या मनाशी ठरवावे. माझ्या मते अभिमानाचा अधिक.

२०२० चे इंदूर

या वारशाच्या पार्श्वभूमीवर २०२० सालाकडे पाहिले म्हणजे मन खट्टू होते. मार्चमध्ये साथ येऊन ठेपली तेव्हा राज्यात सत्तांतराची घाई चालली होती. कमलनाथ यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होते ते तुलसी सिलावट, म्हणजे आमच्या सांवेरचेच आमदार. त्यांच्यासह अनेकांनी राजीनामे दिले, २० मार्चला सरकार गेले, २३ मार्चला शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला, आणि २१ एप्रिलपर्यंत मुख्यमंत्र्यांवाचून दुसरा मंत्री नव्हता. साथीच्या पहिल्या महिन्यात राज्याला स्वतंत्र आरोग्यमंत्री नाही, हा योग कोणा एका पक्षाला शोभणारा नव्हता.

२२ मार्चला जनता संचारबंदी होती. दिवसभर लोक घरी बसले, आणि सायंकाळी पाच वाजता टाळ्या-थाळ्या वाजविण्याची वेळ येताच राजवाड्यापाशी जत्रा जमली. झेंडे, शंख, थाळ्या, आणि खांद्याला खांदा. संचारबंदीचा हेतूच त्या तासाभरात विरून गेला. त्या गर्दीला मी मूर्ख म्हणणार नाही. संकट आले की एकत्र येऊन आवाज करावा, हे माणसाच्या हाडीमाशी खिळलेले आहे. गावची मरीआई वेशीबाहेर पोचविताना हेच करीत. परंतु वेगळे राहिल्याने साथ थांबते हे ज्याला कोणी नीट समजावले नाही, त्याला थाळी तेवढी कळली.

१ एप्रिलला टाटपट्टी बाखल या वस्तीत रुग्णाच्या सहवासातील लोकांना शोधण्यास गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोघी त्याच वस्तीत कामावर हजर झाल्या. इंदूरच्या इतिहासात या गोष्टीची नोंद राहावयास हवी. काही आरोपींवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावण्यात आला. पुढे त्या समाजातील लोकांनी वर्तमानपत्रातून जाहीर क्षमाही मागितली. दगड उचलण्याचे समर्थन कोणत्याही भाषेत होऊ शकत नाही. परंतु कारण समजून घेणे म्हणजे समर्थन नव्हे. निरोग्यांना धरून नेतात, सुईने रोग घालतात, अशा अर्थाच्या अफवा त्या सुमारास फिरत होत्या. १८९६ ची मोमियाई आणि २०२० ची सुई यांत अंतर सव्वाशे वर्षांचे, भय एकच. आणि हे भय एका धर्माच्या माथी मारता येत नाही. मे २०२१ मध्ये शेजारच्या उज्जैन जिल्ह्यात माळीखेडी गावी लस देण्यास व समजावण्यास गेलेल्या पथकावर गावकरी काठ्या घेऊन धावले. तेथला समाज निराळा होता, अफवा मात्र त्याच जातीची होती.

९ एप्रिलला इंदुरातील एक डॉक्टर कोविडने गेले. कोविडने दगावलेले देशातील ते पहिले डॉक्टर म्हणून त्यांची नोंद झाली. २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राने अध्यादेश काढून त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली: आरोग्यसेवकावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद, गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षे, आणि त्याबरोबर दंड. सप्टेंबरमध्ये संसदेने त्याला मान्यता दिली. दुरुस्ती आवश्यक होती. परंतु सव्वाशे वर्षांनी कायदा हाती घेतला तेव्हा त्यात पुन्हा शिक्षेचीच भर पडली. नागरिकाला कारण सांगण्याचे कर्तव्य, तक्रार ऐकण्याची जागा, मजुरी बुडालेल्याला भरपाई, यांपैकी काही त्यात आले नाही.

औषधांची ओढ

औषधांच्या बाबतीत आपण देवभोळ्यांना हसतो, पण शिकलेला माणूसही साथीत फारसा निराळा वागत नाही. सुंठ, मिरे, पिंपळी यांचा त्रिकटू काढा राज्य सरकारने २०२० मध्ये घरोघरी वाटला. घशाला बरा वाटणारा, पिणाऱ्याला धीर देणारा काढा म्हणून त्याला कोणी नावे ठेवू नयेत. तो प्याल्याने कोविड होत नाही, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. गुळवेलीचा इतका अतिरेक झाला की, मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वादाचा निकाल काहीही असो, झाडपाला आहे म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत तपासण्याची वेळ आली, एवढे खरे.

दुसऱ्या बाजूस रेमडेसिव्हिर पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, रुग्णालयातील रोग्यांचे प्राण या औषधाने वाचतात असा पुरावा नाही म्हणून ते वापरू नये, असा सल्ला दिला होता. पुढे २०२२ मध्ये, सौम्य आजारात पण अधिक धोका असलेल्यांना लवकर दिल्यास त्याचा उपयोग आहे, असे ठरले. म्हणजे औषध अगदीच निरुपयोगी नव्हते. परंतु एप्रिल २०२१ मध्ये श्वास कोंडलेल्या रोग्यासाठी ज्या आकांताने त्याची मागणी झाली तिला आधार नव्हता. इंदूरच्या दवा बाजारापुढे भर उन्हात लागलेल्या रांगा आपण पाहिल्या. त्या रांगेत वकील होते, प्राध्यापक होते, निवृत्त अभियंते होते. आईचे दागिने विकून कुप्या घेतल्या गेल्या, आणि मे महिन्यात उघडकीस आले की गुजरातेत मीठ व ग्लुकोज भरून तयार केलेल्या बनावट कुप्या इंदूर-जबलपुरापर्यंत पोचल्या होत्या. ज्या औषधाने खरोखर प्राण वाचले ते डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध. त्याने यंत्राच्या श्वासावर असलेल्या रोग्यांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हे इंग्लंडमधील चाचणीने जून २०२० मध्येच दाखविले होते. स्वस्त असल्यामुळे त्यासाठी कोणी रांग लावली नाही. आणि जेथे याच जातीची औषधे मनास येईल तशी, मधुमेह न तपासता दिली गेली, तेथे काळ्या बुरशीने डोळे आणि जबडे नेले.

तेव्हा गंडा बांधणारा अडाणी आणि इंजेक्शनामागे धावणारा सुज्ञ, अशी वाटणी करता येत नाही. दोघांचीही धाव एकाच दुःखातून होती: आपल्या माणसासाठी आपण काहीच केले नाही असे मागाहून वाटू नये. या दुःखाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याचा बाजार मांडणाऱ्यांना मात्र आहे तेवढी सारी नावे ठेवावीत.

श्रद्धेचे दोन प्रकार

श्रद्धेकडे वळू. देवीच्या साथीत आपल्या घरांतून काय चाले ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दाराला कडुनिंबाचे डहाळे, फोडणी बंद, परक्याला मज्जाव, रोग्याची खोली निराळी. देवी घरी आली आहे, तिचा मान राखावयाचा, या भावनेने हे सारे होई, आणि नकळत विलगीकरण साधे. माळव्यात शीतळेचे व्रत आजही थंड अन्नाने होते. परंतु याच भावनेने पुष्कळ घरांत मुलांना टोचून घेण्यास विरोधही झाला, हे विसरून चालणार नाही. देवीचा रोग गेला तो लसीने. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जग त्या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. शीतळेचे व्रत मात्र राहिले, कोणी ते बंद केले नाही, करण्याचे कारणही नव्हते.

मला वाटते श्रद्धा येथे दोन वाटांनी जाते. एक श्रद्धा रोग्याच्या उशाशी बसते, रात्र काढण्याचे बळ देते, आणि वैद्य आला की बाजूला सरून त्याला वाट देते. दुसरी वैद्याची जागाच घेऊन बसते. २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील शुक्लापूर गावी कोरोनामातेचे देऊळ उभे राहिले आणि काही दिवसांतच पाडले गेले. कोइमतूरलाही कोरोनादेवीची स्थापना झाली. या देवळांवर देशभर हशा पिकला. मला त्यांत मरीआईची जुनी परंपराच दिसली. भयाला नाव आणि रूप दिले की ते थोडे आटोक्यात येते. मुखपट्टी बांधून, अंतर राखून कोणी तिला हात जोडले तर साथीचे काय बिघडले?

बिघडते ते अधिकाराच्या जागेवरून बोलल्याने. तत्कालीन संस्कृतिमंत्री उषा ठाकूर यांनी मार्च २०२१ मध्ये, गोवरीवर हवन केल्यास घर बारा तास निर्जंतुक राहते, असे सांगितले. पुढे विमानतळावर अहिल्यादेवींच्या पुतळ्यापुढे पूजा केली. आणि मे महिन्यात चार दिवस यज्ञात आहुती दिल्यास तिसरी लाट देशाला स्पर्श करणार नाही, असे म्हटले. अहिल्यादेवींविषयी इंदुरात कोणाला आदर नाही? परंतु त्यांची कीर्ती ज्या कामांवर उभी आहे त्यांत घाट आहेत, विहिरी आहेत, धर्मशाळा आहेत. घरी कोणी हवन केले तर तो त्याचा प्रश्न. मंत्र्याच्या मुखातून तेच आले म्हणजे त्याला शासनाच्या आश्वासनाचे वजन येते, आणि भोळा माणूस त्या वजनावर विसंबून खिडकी उघडी ठेवण्याचे, लस घेण्याचे टाळतो.

उलट उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. २०२० साली आषाढीची वारी पायी निघाली नाही. संतांच्या पादुका ३० जूनला एस. टी. च्या बसमधून पंढरीस गेल्या. ज्या वारकऱ्याने हे सोसले त्याच्या निष्ठेला काही कमीपणा आला काय? इंदूरचीही रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या त्या काळात थांबल्या होत्या, आणि लोकांनी ते मान्य केले. सांवेरच्या उलट्या मारुतीची जयंती ८ एप्रिल २०२० ला आली तेव्हा देवळे भाविकांना बंद होती. देव भक्ताच्या घरी बसून केलेली प्रार्थना ऐकतो, हे तर आपल्या संतांनीच शिकविले आहे. अडचण देवाची नव्हती.

नियम सर्वांना सारखा असावा

अडचण आली ती न्यायाची. साथीच्या प्रारंभी अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती. पित्याला खांदा देण्यास सख्खा भाऊ पोचू शकला नाही अशी घरे प्रत्येक गावात आहेत. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला सांवेरची पोटनिवडणूक झाली, आणि तिच्या आधीच्या आठवड्यांत सर्वच पक्षांच्या सभांना गर्दी लोटली. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने २० ऑक्टोबरला आपल्या अधिकारक्षेत्रातील जिल्ह्यांत प्रत्यक्ष सभांवर निर्बंध घातले. २६ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. निवडणूक घ्यावी की न घ्यावी याविषयी दोन मते असू शकतात. परंतु वसंतात तेराव्याला माणसे मोजणारा शिपाई शरदात सभेसाठी वाट मोकळी करताना दिसला, तेव्हा सामान्य माणसाने नियमाचा अर्थ काय लावावयाचा? त्याने असा अर्थ लावला की रोग गंभीर नाही, किंवा नियम आपल्यापुरताच आहे. एप्रिल २०२१ मध्ये या समजुतीची किंमत द्यावी लागली.

लसीच्या बाबतीत मात्र इंदूरने पुन्हा आपला स्वभाव दाखविला. २१ जून २०२१ रोजी एका दिवसात शहर-जिल्ह्यात दोन लाखांहून अधिक लोकांनी लस घेतली. सांवेर तालुक्यात मी जे पाहिले ते असे: ज्या वस्तीत आशा कार्यकर्ती त्याच वस्तीची सून होती, अंगणवाडीच्या बाईने आधी स्वतः दंड पुढे केला, शाळेतले मास्तर रांगेत पहिले उभे राहिले, तेथे पोलिसाची गरज पडली नाही. हाफकिन यांनी १८९७ साली जे केले तेच या बायकांनी केले, आणि त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात येणार नाही.

सक्तीचा प्रश्न जगभर न्यायालयांपुढे आला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली देवीची लस नाकारणाऱ्या एका धर्मोपदेशकाला झालेला पाच डॉलरांचा दंड कायम केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निराळा तोल साधला. कोणाही व्यक्तीच्या शरीरात तिच्या इच्छेविरुद्ध लस टोचता येणार नाही, हा तिच्या देहाचा हक्क आहे. परंतु समाजाच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते, आणि ते निर्बंध प्रमाणात आहेत की नाहीत हे न्यायालय पाहील. लसीसंबंधीची माहिती लोकांसमोर ठेवावी, असेही न्यायालयाने सांगितले. १८९७ च्या कायद्यात जे नव्हते ते या निकालात आहे: नागरिक हा केवळ हुकूम ऐकणारा इसम नसून ज्याला कारण विचारण्याचा अधिकार आहे असा मनुष्य आहे.

नवा कायदा करावयाचा तर त्यात हे कलमरूपाने यावे. साथीचा प्रत्येक हुकूम लोकांच्या भाषेत, कारणासह निघावा आणि त्याला मुदत असावी. ज्याला घरातून नेले त्याच्या नातेवाइकांना तो कोठे आहे हे ठरावीक वेळेत कळावे, कारण अफवेचा जन्म त्याच अंधारात होतो. जो हातावर पोट असलेला माणूस समाजासाठी घरी बसतो त्याची मजुरी समाजाने द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडने दगावलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याची योजना मान्य केली. मृत्यूनंतर जे देता आले त्याचा काही अंश जिवंतपणी दिला असता तर कित्येकजण ताप लपवून कामावर गेले नसते. आणि साथीच्या काळात जो नियम अंत्ययात्रेला तोच सभेला, हे स्पष्ट शब्दांत लिहिले जावे.

सुश्रुत माणसे म्हणतात, लोक अडाणी आहेत, त्यांना काय विचारावयाचे? आजीच्या काळचे लोक तर अक्षरशत्रूच होते. तरी उंदीर पडल्याबरोबर ते माळावर गेले. आपल्या जुन्या घरांतून अजून काही वृद्ध माणसे आहेत ज्यांनी आपल्या आईबापांच्या तोंडून प्लेगची, मानमोडीची, देवीची हकीकत ऐकली आहे. आणि तरुण माणसे आहेत ज्यांनी २०२१ चा एप्रिल रुग्णालयांच्या ओसरीत काढला आहे. दोघांनी आपापली हकीकत लिहून ठेवावी: कोणते औषध दिले, कोणी दार उघडले, कोणी लावून घेतले, कोणता हुकूम समजला आणि कोणता समजला नाही. कायदा करणारे ते वाचतील की नाही, हे आपल्या हाती नाही. पुढली साथ येईल तेव्हा आपली नातवंडे तरी ते वाचतील.